घोटीच्या बसमध्ये एकटा रंगनाथ

आमच्या सातपूरच्या कॉलनीत सध्या एक बातमी फिरते आहे. माझ्या अंजलीआत्याने म्हणे एका शनिवारी सकाळी कंपनीच्या कॉम्प्युटरचं एक बटण दाबलं आणि घोटीहून येणाऱ्या बसमधून एकेचाळीस माणसं खाली उतरवली. का? तर सूड! पंचवीस वर्षांपूर्वी घोटीच्या एका स्थळाने तिला नकार दिला होता आणि बाईने ते तेव्हापासून मनात धरून ठेवलं होतं. मी हे पिठाच्या गिरणीत ऐकलं. सांगणाऱ्या काकू चक्कीच्या आवाजावर ताण देऊन सांगत होत्या, आणि नेमकी चक्की बंद झाली. मग 'घोटीच्या पोराने नाही म्हटलं ना हिला' एवढं वाक्य अख्ख्या रांगेने ऐकलं. त्या रांगेत मी पण होते, बाजरीचा डबा घेऊन.

तर पहिली गोष्ट, बटण कोणी दाबलंच नाही. ती यादी पहाटे आपोआप जाते. तेव्हा आत्या झोपलेली असते आणि तिचं घोरणं वरच्या मजल्यावर आमच्याकडे येतं. माणसं उतरवलीही नाहीत, कारण ती बसमध्ये चढलीच नव्हती. आणि स्थळ घोटीचं नव्हतं, मालेगावचं होतं. नकारही त्यांचा नव्हता, आत्याचा होता. मुलगा चहाच्या बशीत फुंकर मारताना दर वेळी डोळे मिटायचा. आत्या म्हणाली, "रोज दोनदा हे बघायला लागेल, मला नाही जमणार."

खरी गोष्ट सुडाची नाही, नीटनेटकेपणाची आहे. आणि आमच्या घरच्यांचं मत असं, की आत्याचा सूड परवडला, नीटनेटकेपणा नको.

आत्या सातपूरच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत टाइम ऑफिसला आहे. कोण कोणत्या पाळीला, कोणाची कुठली बस, हे सगळं तिथून ठरतं. ती तिथे टायपिस्ट म्हणून लागली. तेव्हा बसच्या याद्या हाताने व्हायच्या आणि रोज दोन माणसांना एकच सीट मिळायची. २००४ साली आत्याने जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून पर्ल नावाच्या भाषेचं एक जाडजूड पुस्तक आणलं. आधीची चाळीस पानं फाटलेली होती, त्यामुळे तिने एक्केचाळिसाव्या पानापासून प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. आणि शिकली! याद्या करणारा प्रोग्रॅम तिने एकटीने लिहिला. एकवीस वर्षं तो रोज पहाटे पाचला उठतो, पाच बसच्या याद्या करतो आणि ड्रायव्हरांना पाठवतो. आमच्या घरात एवढ्या नियमाने फक्त तोच उठतो.

मग या वर्षी कंपनीत तृप्ती मॅडम आल्या. संगणक विभागाच्या नव्या प्रमुख, पुण्याहून. त्यांचं बोलणं मला अतिशय आवडतं. प्रत्येक वाक्याची सुरुवात त्या 'बेसिकली' ने करतात आणि मग जे सांगतात ते मुळीच बेसिक नसतं. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "बेसिकली, आपण नव्या सर्व्हरवर जातोय. जुना जो काही कोड आहे, त्याच्या डोक्यावर कडक तपासणीची ओळ टाकायची. तपासणीत पास झाला तर ठीक. नाही झाला तर, आय मीन, पुण्याच्या एका कंपनीचं तयार सॉफ्टवेअर आहेच."

"आणि मग माझं काम?" आत्याने विचारलं.

"तुम्हाला गेटपासला घेऊ ना! तिथे पण कॉम्प्युटर आहे, अंजलीताई."

आत्या घरी येऊन हे वाक्य तीनदा बोलली. 'तिथे पण कॉम्प्युटर आहे.' पप्पा समजूत घालत म्हणाले, "अगं, गेटपासचं काम हलकं असतं." आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, की पप्पा पोळी अर्धी टाकून हात धुवायला गेले.

ही कडक तपासणी म्हणजे काय, ते आत्याने मला डब्यांवर समजावलं. प्रोग्रॅममध्ये डबे असतात. प्रत्येक डब्याला नाव असतं, त्यात माहिती ठेवायची. जुन्या पद्धतीत कुठलंही नाव घ्या, डबा तयार. विचारणारं कोणी नाही. नव्या पद्धतीत आधी जाहीर करावं लागतं, की हा डबा माझा, याचं नाव अमुक, हा अमुक ठिकाणीच वापरला जाईल. न सांगता कोणी शिरला, की तपासणी त्याची कॉलर धरते.

"मग सोपं आहे की," मी म्हटलं.

आत्याने ती ओळ टाकली आणि प्रोग्रॅम चालवला. एका झटक्यात दहा चुका आल्या. अकराव्या ओळीत यंत्राने इंग्रजीत लिहिलं होतं, की यात फार चुका आहेत, आणि ते गप्प बसलं. पुढे मोजायलाही तयार नाही! मला ते ऐकून आमच्या गणिताच्या सरांची आठवण झाली. ते पण वहीची पहिली दोन पानं तपासतात, मग वही मिटून छताकडे बघतात.

आत्याने दहा दुरुस्त केल्या. यंत्राने नवीन दहा दाखवल्या आणि परत गप्प. एकूण किती आहेत ते कळायची सोयच नव्हती.

पुढचे आठ दिवस आत्या ऑफिसातून आली, की चहा ढोसून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. आणि डब्यांशी बोलायची. त्याच्यावर मी घरात नकलांचा एक छोटा कार्यक्रमच बसवला होता. चष्मा नाकाच्या टोकावर, मान पुढे, आणि सरकारी दवाखान्यातल्या केसपेपर खिडकीचा आवाज:

"हं, तू कोण? 'नवीन'? बरं. हा कोण? 'नवीन दोन'? आणि हा? 'खरं नवीन'? अरे मग पहिले दोघं काय खोटे होते का? कुणी घेतलं तुला आत?"

"आत्या, तूच घेतलंस," ती खरंच असं बोलायची तेव्हा मी म्हणायचे.

"मला आठवत नाही."

"इथे वर तुझं नाव आहे. २००४."

"ती अंजली वेगळी होती. तिला काही शिस्त नव्हती."

'तात्पुरतं' नावाचा एक डबा तर एकवीस वर्षं प्रोग्रॅमच्या मधोमध ठाण मांडून होता. आत्याने तो काढून टाकला तर सिन्नरची बसच नाहीशी झाली. मग मुकाट्याने परत ठेवला, पण नाव बदलून. 'कायमचं'.

असं करत करत शुक्रवारी संध्याकाळी शेवटची चूक गेली. स्क्रीन कोरी. आत्याने दोनदा चालवून बघितलं. घोटीची दहा खोटी माणसं बनवून यादी केली. दहाच्या दहा बसली. तिने आईला हाक मारून शिरा करायला सांगितला, आणि तृप्ती मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "ग्रेट! बेसिकली, उद्या फक्त घोटीच्या बसवर ट्रायल घेऊ. आणि ड्रायव्हरला सांगते, यादीत नाव असेल त्यालाच बसवायचं. नाहीतर ट्रायल कसली?"

शनिवारी सकाळी सव्वासहाला आत्याचा फोन वाजला. चिमाजीमामा. घोटीच्या बसचे ड्रायव्हर. ते फोनवर बोलत नाहीत, फोन आहे हे विसरून थेट घोटीहून ओरडतात. आत्याने स्पीकर लावला नव्हता, तरी आम्हाला वरच्या मजल्यावर ऐकू आलं.

"ताई! यादीत एकच नाव हाय!"

"असं कसं? नीट खाली सरकव."

"लय सरकवलं. खाली कायच नाय. एक रंगनाथ, बास! तो बसलाय खिडकीला. बाकी एकेचाळीस जण खाली उभे हायेत आन् मला काय काय बोलून राह्यलेत, ते तुम्हाला सांगता येत नाय."

"सगळ्यांना बसव, चिमाजी."

"म्याडमनी सांगितलंय, यादीतलाच माणूस. तुम्ही लिहून द्या. एकेकाचं नाव लिहून द्या!"

मागून एक शांत आवाज आला. तो रंगनाथचा. "ओ, चला की. मला पंचिंग हाय सातला."

त्यावर त्या एकेचाळीस जणांनी रंगनाथला जे सांगितलं, ते मी नक्कल म्हणूनसुद्धा करून दाखवणार नाही. घरात मोठी माणसं आहेत.

आत्याने उभ्या उभ्या एकेचाळीस नावं टाइप करून पाठवली. तिला पाठ होती सगळी. बस पाऊण तास उशिरा आली, पहिली पाळी तेवढीच उशिरा सुरू झाली, आणि दुपारपर्यंत सुडाची कथा कॅन्टीनमधून निघून आमच्या गिरणीपर्यंत पोचली. तृप्ती मॅडम रागावल्या नाहीत, तेच वाईट होतं. गोड आवाजात म्हणाल्या, "सोमवारी एक शेवटची ट्रायल. नाही जमलं तर, आय मीन, गेटपास."

आत्या दिवसभर शून्यात बघत होती. "एकसुद्धा चूक नाही," ती म्हणायची. "तपासणी म्हणते सगळं बरोबर. मग माणसं गेली कुठे?"

रविवारी सकाळी तिने सावळीरामकाकांना घरी बोलावलं, हजेरीचं रजिस्टर घेऊन. काका टाइम ऑफिसचे सगळ्यात जुने कारकून. बावीस वर्षं कोणाचा थांबा कुठला हे तेच लिहितात, आणि जसं रजिस्टरमध्ये तसंच संगणकात भरतात. त्यांची एक खासियत आहे. ते प्रत्येक वाक्य 'तसं नाही ताई' ने सुरू करतात, मग पुढे होकार असला तरी. आईने विचारलं, "काका, चहा घेणार?" तर म्हणाले, "तसं नाही ताई, घेईन की."

आत्याने रजिस्टर उघडलं. घोटीचं पान. वर पहिली ओळ: रंगनाथ, थांबा घोटी. खाली बेचाळीस नावं, आणि त्यांच्या थांब्याच्या रकान्यात काहीच नाही. पांढरं स्वच्छ.

"काका, हे रिकामं का सोडलंय?"

"तसं नाही ताई, रिकामं कुठंय?"

"हे काय मग?"

"हे घोटी."

"कुठे लिहिलंय घोटी?"

"वर लिहिलंय की. रंगनाथसमोर. आता खाली सगळे घोटीचेच, तर बेचाळीस वेळा घोटी, घोटी लिहून शाई का घालवायची? वर जे, तेच खाली. आमच्या वडिलांनी सोसायटीची वही अशीच लिहिली."

आत्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उगवलं. मी समोरच होते. तिच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये थांब्यासाठी एकच डबा होता. रंगनाथचा नंबर आला, की त्यात घोटी पडायचं. पुढच्या माणसाचा रकाना रिकामा, म्हणून नवीन काही पडायचं नाही, आणि डब्यात जुनं घोटी तसंच राहायचं. तो डबा कोणी धुतच नव्हतं! म्हणून एकवीस वर्षं सगळे बरोबर बसत होते. आता शिस्तीच्या नादात आत्याने प्रत्येक माणसाला नवा, घासलेला, लखलखीत डबा दिला होता. रंगनाथच्या डब्यात घोटी. बाकीच्यांच्या डब्यात स्वच्छता. आणि तिने स्वतः बनवलेल्या दहा खोट्या माणसांचे रकाने मात्र तिने सगळे भरले होते, कारण आत्या कुठलाही रकाना रिकामा सोडत नाही. गॅसच्या कार्डावर 'व्यवसाय असल्यास' च्या पुढेसुद्धा तिने 'आहे' लिहिलंय.

"म्हणजे एकवीस वर्षं," आत्या म्हणाली, "माझी चूक आणि तुमचा आळस एकमेकांना धरून चालत होते."

"तसं नाही ताई," काका म्हणाले. "बरोबर आहे तुमचं."

आत्या हसायला लागली होती, पण मध्येच थांबली. तिने परत पान मोजलं. "काका, रंगनाथ धरून त्रेचाळीस नावं आहेत. बसला तर बेचाळीस जण येतात. हा शेवटचा कोण? झुंबर?"

"झुंबर फिटर. तो इथलाच, सातपूरचा. चालत येतो. त्याला बस नाही."

"पण त्याचा रकाना रिकामा आहे."

"हो. बस नाही ना, म्हणून रिकामा."

"आणि वरच्यांचा रिकामा म्हणजे घोटी."

"बरोबर."

"हे रिकामं आणि ते रिकामं, यातला फरक कसा ओळखायचा?"

काका मायेने हसले. "तसं नाही ताई, मला माहीत आहे की!"

आत्याने दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मग एकदम मान वर केली. "म्हणजे झुंबरला घोटीच्या बसमध्ये रोज एक सीट मिळतेय. किती वर्षं?"

"तो लागल्यापासून. चौदा."

लगेच चिमाजीमामांना फोन. "चिमाजी, त्रेचाळिसाव्या सीटवर कोण बसतं?"

पलीकडे पहिल्यांदाच आवाज बारीक झाला. "झुंबरभाऊंची सीट का? ती भरलेलीच असती ताई."

"कशाने?"

"तांदळाने. पोतं असतं. सातपूरला आपल्या लोकांना घोटीचा तांदूळ लागतो, मग मी म्हटलं, झुंबरभाऊ काय येत नाय, यादीत नाव हाय, सीट कशाला मोकळी न्यायची..."

कॅन्टीनच्या सिंधुबाई घोटीच्याच. दोन वर्षांपासून त्यांचा बसच्या सीटसाठी अर्ज पडून होता आणि दर वेळी उत्तर जायचं: बस भरली आहे. त्या दोन एसट्या बदलून यायच्या. आत्याने ते आठवून फोन कानापासून दूर धरला आणि भिंतीला सांगितलं, "तांदूळ बसून येतो आणि सिंधुबाई उभ्याने."

आता काम उरलं ते रकान्यांचं. आत्या म्हणाली, सगळे रकाने भरा. काका म्हणाले, "एकेचाळीस वेळा घोटी? मी काय शाळेत शिक्षा भोगतोय?" दोघांची अर्धा तास जुंपली. काकांची निवृत्ती आठ महिन्यांवर आहे आणि ते हस्ताक्षर बदलणार नव्हते. मला वाटलं, आत्या आता ओरडेल. पण तिने पेन घेतलं आणि रजिस्टरच्या कोपऱ्यात दोन छोट्या उभ्या रेघा काढल्या.

"हे जमेल? वर जे, तेच खाली असेल तिथे या दोन रेघा. बस नको असेल तिथे फुली. आणि मोकळं काहीच सोडायचं नाही."

काकांनी रेघा निरखल्या. "एवढं जमेल."

मग आत्याने प्रोग्रॅममध्ये एक नवा डबा जाहीर केला, सगळ्यांच्या बाहेर, उघडपणे. नाव 'वरचा थांबा'. रेघा दिसल्या तर त्यातून घ्यायचं. फुली दिसली तर सोडून द्यायचं. मोकळं दिसलं तर यादीच करायची नाही, काकांना विचारायचं: 'हा माणूस कुठला?' इकडे काकांनी एकेचाळीस ठिकाणी रेघा मारल्या, झुंबरसमोर फुली मारली, आणि खाली सिंधुबाईंचं नाव रेघांसकट घातलं. संगणकातही भरलं. ती फुली मारताना त्यांनी जीभ बाहेर काढली होती.

संध्याकाळी सगळं आवरल्यावर मी म्हटलं, "आत्या, उद्या एक तरी घोटीत राहणार."

"एकही नाही."

"लाव पैज."

"लावली. तू हरलीस तर आठ दिवस कोणाचीही नक्कल नाही. माझी नाही, मॅडमची नाही, घरात नाही, फोनवर नाही."

"आणि तू हरलीस तर कंपनीच्या स्नेहसंमेलनात मला माइक."

आत्याने क्षणभर विचार केला. गेटपासपेक्षा तिला हीच भीती जास्त वाटली असावी. पण हात पुढे केला.

सोमवारी माझं कॉलेज दुपारचं होतं. मोजायला म्हणून मी आत्याबरोबर कंपनीच्या गेटवर गेले. सावळीरामकाका टपरीवरचा चहा घेऊन उभे. तृप्ती मॅडम हातात यादी घेऊन. पावणेसातला बस वळली आणि आत्याने माझं मनगट असं पकडलं, की बांगडीचा ठसा अजून आहे.

पहिला उतरला रंगनाथ. शनिवारनंतर त्याला खिडकी द्यायची नाही असं बसने ठरवलं होतं, आणि तो इंजिनाशेजारी बसून लालबुंद झाला होता. मग एकेक. मी बोटांवर मोजत होते. चाळीस. एकेचाळीस. बेचाळीस. आणि शेवटी सिंधुबाई, डबा छातीशी धरून, पायरीवर जरा थांबून सगळीकडे बघत. त्रेचाळीस.

मॅडमनी यादीवर टिक मारली. "बेसिकली, पास. बाकीच्या चार बसही याच्यावरच घेऊ. अंजलीताई, ते गेटपासचं राहू दे."

आत्याने चष्मा काढून पदराने पुसला, तो स्वच्छच होता तरी.

इतक्यात चिमाजीमामा खाली उतरले. चेहरा पडलेला. "ताई, एक राहिला ना घोटीला!"

मी उडीच मारली. "हरलीस! आत्या, हरलीस! कोण राहिलं मामा?"

"पोतं," मामा म्हणाले. "सीटच नाय उरली. फलाटावर ठेवून आलो."

"राहिलं ना एक!" मी म्हटलं. "एक तरी राहणार, असं मी म्हटलं होतं. माणूस असं म्हटलंच नव्हतं!"

आत्याने मॅडमच्या हातातली यादी घेतली, माझ्यासमोर धरली आणि केसपेपरच्या खिडकीतल्या आवाजात विचारलं, "नाव दाखव. पोतं कुठे आहे यात? आधी कुणी जाहीर केलंय? नाही ना? मग ते कुठे राहिलं, नाही राहिलं, याची नोंदच नाही. आठ दिवस नक्कल बंद. आत्तापासून."

मी वाद घालायला तोंड उघडलं. पण यादीत पोतं नव्हतं.

सावळीरामकाकांनी माझ्या हातात चहाचा ग्लास दिला, आत्याकडे वळले, घसा साफ केला आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तसं नाही ताई, जिंकलात तुम्ही."

मी चहाचा मोठा घोट तोंडात भरून घेतला आणि गिळलाच नाही.